केबल बसली, पण जुळली नाही: भाच्याच्या गेमिंग पीसीच्या नोंदी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

ताईकडचा पीसी आज कामाच्या टेबलावर आला. २०१८ साली मीच जोडून दिलेला: बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम, एक छोटी साटा (वायरने जोडायच्या जुन्या पद्धतीची) एसएसडी आणि २ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क. भाचा यावर खेळतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपतोय, त्याआधी विंडोज ११ वर न्यायचाय. उघडणारच आहे तर प्रोसेसर रायझन ५ ५६०० करायचा, सात वर्षांचा पॉवर सप्लाय बदलायचा, नवी एनव्हीएमई एसएसडी (साटापेक्षा वेगवान, थेट बोर्डवर बसणारी) लावायची. भाच्याने कंट्रोलरही सोबत दिलाय. डावी स्टिक हात न लावता सरकते आणि खेळातला माणूस आपला आपण डावीकडे चालू लागतो.

पॅनल काढलं. पुढच्या फिल्टरवर धुळीची गोधडी बसली होती. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापलीकडे फिरला तर बेअरिंग बिघडू शकतं. ग्राफिक्स कार्डाच्या फिन्समधली धूळ मात्र ब्रशनेच ओढून काढावी लागली. दुपार त्यातच गेली.

हार्ड डिस्कवर भाच्याने तीन वर्षं खपून बांधलेलं खेळातलं गाव आहे. त्या डिस्कचा बॅकअप उद्या.

रविवार, ५ ऑक्टोबर

बायोसचा दिवस, म्हणजे पीसी सुरू होताना बोर्डवर सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच आहे, एएम४, १३३१ भोकांचा. २६०० काढून ५६०० ठेवला तर विनातक्रार बसेल. पण बोर्डवरचा बायोस २०१८ चा आणि ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. बोर्ड त्याला ओळखणारच नाही, पडदा काळाच राहील. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच नवा बायोस चढवायचा. हा क्रम चुकला की सगळं उलटं उकलत बसावं लागतं.

एका उडीत शेवटची आवृत्ती चढत नाही. आधी मधली एक, मग शेवटची. ही सूचना डाउनलोडच्या खाली बारीक अक्षरात होती. तिच्याही खाली आणखी एक ओळ: यानंतर जुन्या आवृत्तीवर परतता येणार नाही. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असते. नव्या प्रोसेसरांसाठी जागा करायची तर जुन्यांपैकी काहींची माहिती पुसावी लागते. कारण पटण्यासारखं आहे. मग ते ठळक का छापू नये?

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, पीसी यूपीएसवर घेतला, दोन्ही आवृत्त्या एकामागून एक चढवल्या. टक्केवारी पुढे सरकताना आपण नुसतं बघायचं असतं, हात कशालाही लावायचा नाही. दोन्ही वेळा पीसी सुखरूप उठला, पण सगळी सेटिंग धुऊन निघाली. ३२०० वेगाची रॅम २१३३ वर आली, पंख्यांचे वेग मूळपदावर. आधी प्रत्येक पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून वाचलो.

बॅकअप राहिला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दोन दिवस प्लग काढलेला होता. आज चालू केला तर घड्याळ २०१८ सालात. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित ठरवतो आणि अपडेटही अडतात. बोर्डवरची सीआर२०३२ बटण बॅटरी मोजली: ३ व्होल्टच्या जागी २.५. नवी घातली, सेटिंग पुन्हा भरली. काम पाच मिनिटांचं, पण बॅटरी ग्राफिक्स कार्डाच्या खाली असल्याने आधी कार्ड काढा. कार्डाच्या स्लॉटची खिटी कूलर आणि कार्ड यांच्या फटीत, बोट जात नाही. लाकडी काडीने दाबली. स्क्रू ड्रायव्हर तिथे कधीच घालायचा नाही. तो निसटला की सरळ बोर्डवर ओरखडा उठतो आणि एखादी बारीक तार तुटली तर सापडतही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

एनव्हीएमई एसएसडी बसवली. कार्ड पुन्हा काढायला नको म्हणून दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (अशा एसएसडीची बोर्डवरची खाच) लावली. तिचा तो तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू कॅबिनेटसोबत आलेल्या पुडीत नव्हता, मदरबोर्डच्या डब्यात होता. डबा ताईने सात वर्षं जपून ठेवलाय, त्याबद्दल तिचे खरोखर आभार.

चालू केला आणि हार्ड डिस्क गायब. साटाची वायर बदलून पाहिली, डिस्कला कान लावला तर फिरतेय. अर्धा तास शोधल्यावर मॅन्युअलच्या तक्त्याखालच्या टिपेत सापडलं: दुसरा एम.२ स्लॉट वापरला की पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतात. डिस्क नेमकी सहाव्यात. पहिल्यात लावली, लगेच दिसली. पोर्ट जागेवर आहे, वायर आत जाते, खट्ट आवाजही येतो, पण पोर्ट मेलेला आहे हे बोर्डवर कुठेही लिहिलेलं नाही.

मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद, एफटीपीएम (प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्यांची तिजोरी) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचीच प्रणाली चालू देणारी सोय) चालू, आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाकलं. जुनी साटा एसएसडी काढून खणात ठेवली. डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे एसएसडीवरच्या माहितीचं कुलूप, आपोआप चालू झालेलं दिसलं, म्हणून ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीत उतरवली आणि दोनदा पडताळली.

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रोसेसर. पीसी पंधरा मिनिटं जड खेळ चालवून तापवला, म्हणजे कूलरखालची पेस्ट मऊ होते. कूलरची पकड सोडवली, सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळलं. एवढं करूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. सात वर्षांत पेस्टचं सिमेंट झालेलं होतं. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात आणि सॉकेटची खिटी प्रोसेसरला वरून दाबत नाही, फक्त पिना बाजूने धरते. म्हणून असं होतं.

दोऱ्याने पेस्ट कापत प्रोसेसर सोडवला. एका कोपऱ्यातल्या तीन पिना वाकलेल्या. आता हा प्रोसेसर लागणार नाही, पण चालता माल असा टाकून देणं मला जमत नाही. भिंगाखाली धरला. त्या पिना शेवयांच्या तुकड्यांसारख्या दिसतात, सोनेरी, सगळ्या एका ओळीत उभ्या, आणि तीन शेजारणींच्या अंगावर रेललेल्या. शिसं काढलेल्या ०.७ मिमीच्या पेन्सिलीचं टोक पिनेवर टोपीसारखं बसवायचं आणि श्वास रोखून थोडं थोडं उचलायचं. एका झटक्यात सरळ करायला गेलं की पीन मुळाशी मोडते. पहिलीला दहा मिनिटं लागली. मग दोन्ही दिशांनी ओळीवरून नजर फिरवली, सगळ्या सरळ. पुठ्ठ्याच्या डबीत ठेवून वर लिहिलं: २६००, चालतो, पिना सरळ केल्यात.

नवा प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला, आपल्या वजनाने खाली गेला. तसाच जायला हवा. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय. मधोमध मटाराएवढी पेस्ट, कूलर, चालू. पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला: नवा प्रोसेसर आढळलाय, एफटीपीएम रीसेट करायचं का? जुन्या प्रोसेसरमधल्या किल्ल्या तिथेच राहिल्या, आता त्या मिळणार नाहीत. होय म्हटलं. विंडोजने ४८ आकडे मागितले, वही उघडून भरले. लॉगिनचा पिन नंबरही नव्याने ठरवावा लागला. की उतरवली नसती आणि ऑनलाइन खात्यातही नसती, तर कालचं सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

तापमान छान. भार टाकला तरी सत्तरीच्या आत.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आजची नोंद लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

नवा पॉवर सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबली त्याच्या पाठीत खोचायच्या असतात. जुनाही तसाच. मदरबोर्डच्या आणि कार्डाच्या केबली नव्या टाकल्या. साटाची वीज नेणारी केबल मात्र ट्रेच्या मागे चार ठिकाणी टायने बांधलेली होती. तिचा सप्लायकडचा सहा पिनांचा प्लग नव्या सप्लायच्या भोकांशी ताडून पाहिला. तोच आकार, तीच चौकोनी आणि कोपरे कापलेली घरं, तीच खिटी. दाबला, खट्ट बसला. टाय कापायचा कंटाळा आला, म्हणून जुनीच राहू दिली.

बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा तो गोडसर वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. भिंतीचा प्लग ओढला आणि वासाचा माग काढला तर हार्ड डिस्क. तिची केबल काढली, तर बाकीचा पीसी नीट सुरू झाला.

बॅकअप घेतलेला नव्हता. ४ तारखेला लिहिलं, ५ तारखेला लिहिलं, आणि घेतला नाही.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "तू आधी जेव आणि झोप. त्याला मी आत्ता काही सांगत नाही."

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी पहिलं काम मोजमाप. नवा सप्लाय पीसीपासून वेगळा काढला, २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून एकटाच चालू केला आणि साटाच्या प्लगवर मल्टीमीटर धरला. साटाच्या विजेच्या प्लगमध्ये १५ पिना असतात. ७ ते ९ वर ५ व्होल्ट हवेत, १३ ते १५ वर १२.

नव्या केबलने: ५.०४ आणि १२.१.
जुन्या केबलने: १२.१ आणि ५.०४.

म्हणजे डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेने १२ व्होल्ट गेले. केबलचं डिस्ककडचं, मदरबोर्डकडचं टोक प्रमाणित असतं, कुठल्याही कंपनीचं असो. सप्लायकडच्या टोकाला मात्र तसं काही बंधन नाही. कोणत्या भोकात कोणता व्होल्टेज हे ज्याने त्याने ठरवायचं. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. आणि तरी सगळे वापरतात तेच तयार प्लग, म्हणून एकाची केबल दुसऱ्यात बसते.

चूक माझी आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण ज्याला ठाऊक नाही त्याला ती वस्तू थांबवत का नाही? मदरबोर्डकडच्या टोकांना आपण घरं चौकोनी-गोल करून चुकीचा प्लग बसूच देत नाही, वर्षानुवर्षं हे जमतंय. सप्लायच्या बाजूला निदान केबलीवर मॉडेलचं नाव छापायला काय हरकत आहे? माझ्या जुन्या केबलीवर एक अक्षर नाही, नव्याही कोऱ्याच. एक केबल, एक बसणारं भोक आणि कुणाच्या तरी तीन वर्षांच्या कामाचा धूर. याची मला मनापासून चीड येते.

दुपारी डिस्ककडे वळलो. डिस्क जोडली की सप्लाय सुरूच होत नव्हता, ही खरं तर आशेची खूण. कुठेतरी थेट शॉर्ट आहे, आणि शॉर्ट होऊन मरायचं काम साडेतीन इंची डिस्कवर बहुतेक वेळा एका ठरावीक भागाला दिलेलं असतं. विजेच्या प्लगजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. एरवी ते निवांत असतात. ५ व्होल्टवाल्याला साडेसहा-सात व्होल्टच्या पुढचा दाब आला की तो सगळा भार जमिनीकडे वळवतो, आणि दाब टिकून राहिला तर स्वतः शॉर्ट होऊन पडतो.

चांदणीसारख्या खाचेचे बारीक स्क्रू काढून खालचा सर्किट बोर्ड सोडवला. प्लगशेजारी दोन काळे चौकोनी तुकडे. एकाच्या अंगावर केसाएवढी चीर. मल्टीमीटर लावला: ०.४ ओहम, दोन्ही बाजूंनी. दुसरा एका बाजूने वाहतो, दुसऱ्या बाजूने नाही, म्हणजे ठणठणीत. शेजारचा शून्य ओहमचा रेझिस्टरही शाबूत.

आज इथेच थांबलो. हात थरथरत असताना सोल्डरिंग आयर्न धरायचं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

संध्याकाळी डायोड काढला. दोन्ही टोकांना ताजं सोल्डर लावून आळीपाळीने तापवत चिमट्याने उचलला. मल्टीमीटर लावला, शॉर्ट गेला होता. बोर्ड परत बसवला, डिस्क नव्या केबलवर, आणि केबल सप्लायच्या स्वतःच्या डब्यातून आलेली आहे हे पाहून, मोजून, मगच चालू केलं.

डिस्क फिरली. आधी बारीक गुणगुण, मग हेड जागेवर येण्याची टिक, मग शांत. ड्राइव्ह दिसला. आधी गावाचं फोल्डर उचललं, एका बाहेरच्या डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर. मग ताईचे फोटो, मग उरलेलं. रात्री दीड वाजता कॉपी पूर्ण झाली आणि फायलींची संख्या दोन्हीकडे सारखी भरली.

या डिस्कला आता ५ व्होल्टच्या बाजूने संरक्षण नाही. पुन्हा वापरायची नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

कंट्रोलर. टेस्टमध्ये डावी स्टिक मोकळी सोडली तरी आडव्या अक्षावर उणे ०.१३ दाखवते. शून्याच्या आसपास हवी. स्टिकच्या मॉड्यूलमध्ये दोन पोटेंशिओमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत जाते, घासून घासून पट्टी झिजते, आणि मधोमध सगळ्यांत जास्त झिजते, कारण जीभ तिथेच सर्वाधिक वेळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने गेल्याच आठवड्यात साफ केली होती. दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तीच रड. साफ करून कचरा जातो, झिजलेला कार्बन परत येत नाही.

म्हणून हॉल इफेक्टचं मॉड्यूल मागवलं होतं. त्यात काही घासतच नाही, चुंबक फिरतो आणि सेन्सर लांबूनच ओळखतो. कल्पना नवी नाही; सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये असेच सेन्सर वापरले होते. एवढ्या जुन्या उपायाच्या जागी अजूनही बहुतेक कंट्रोलरांत झिजणारी पट्टी यावी, याचं वाईट वाटतं.

एका मॉड्यूलला १४ सोल्डरचे टाके. कंपनीचं सोल्डर शिसेविरहित, ते वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. त्यात माझं टिन-शिशाचं सोल्डर मिसळलं की ते मिश्रण लवकर पातळ होतं, कारण ६३-३७ चं सोल्डर १८३ लाच वितळतं. प्रत्येक टाक्यात आधी ते भरलं, मग पंपाने ओढलं. दहा टाके सुरळीत गेले. ग्राउंडला जोडलेले चार काही केल्या मोकळे होईनात. तिथला तांब्याचा रुंद पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. आयर्नचं बारीक टोक काढून रुंद छिन्नीचं टोक लावलं, तेव्हा सुटले. तापमान वाढवत नेलं असतं तर पॅड उखडले असते. असल्या वेळी जाड टोक हवं, जास्त आच नको.

नवं मॉड्यूल लावलं आणि स्टिक उणे ०.०८ वर. पोटात धस्स झालं. पण हे कॅलिब्रेशनचं होतं, कंट्रोलरच्या स्मृतीत जुन्या पट्टीचा मध्य साठवलेला असतो. नव्याने मध्य ठरवून दिला, आता ०.००.

रविवार, २६ ऑक्टोबर

रॅमचं ३२०० चं प्रोफाइल १.३५ व्होल्टवर चालू केलं, रात्रभर मेमरी टेस्ट. एकही चूक नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी ३ चा जाड प्लग बोर्डवर बसवताना एक पीन वाकली, तीही पेन्सिलीनेच सरळ केली.

जुन्या सप्लायच्या सगळ्या केबली एका पिशवीत, पिशवी जुन्या सप्लायलाच टेपने बांधली. नव्या सप्लायच्या प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी, तिच्यावर मॉडेल. न वापरलेल्या केबलींवरही.

शनिवार, १ नोव्हेंबर

पीसी ताईकडे पोचवला. नवी हार्ड डिस्क आत, गाव तिच्यावर, आणि एक प्रत ताईच्या कपाटात. दर रविवारी बॅकअप आपोआप होईल असं लावून दिलं आणि एक फाइल पुसून, बॅकअपमधून परत आणून भाच्याला दाखवली. डिस्कचं काय झालं होतं तेही त्याला सांगितलं. त्याने जळका डायोड मागून घेतला, तळहातावर ठेवून बराच वेळ बघत होता. मग गाव उघडलं आणि पुलापासून घंटेच्या बुरुजापर्यंत सगळं चालून पाहिलं.

"मामा, सगळं आहे रे. आणि स्टिक नाही ओढत."

निघताना उजवी स्टिकही टेस्टला लावली. ०.०५, गेल्या आठवड्यात ०.०३ होती. दुसरं मॉड्यूल रात्री मागवलं. पुन्हा १४ टाके, या वेळी सुरुवातीपासून रुंद टोक.